टर्बो गाडीची ताकद वाढवायची आहे? आधी साबणाचं पाणी घ्या

माझी दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी एकदा वरच्या आरपीएमला दमायला लागली. ५,००० च्या पुढे जोर यायचाच नाही. मूळ टर्बो लहान पडतोय असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. मोठ्या टर्बोची चौकशी झाली, पैसेही बाजूला काढले. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, माझं सगळं पुराण शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, टर्बोचं नंतर बघू. आधी हवा कुठून जातेय ते बघू द्या." टर्बोच्या इनटेकला बूच लावून त्याने कॉम्प्रेसरची हवा भरली आणि एकेका जोडावर साबणाचं पाणी फवारत गेला. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, फेसाचा फुगा आला. होजला नखाएवढी चीर होती. होज बदलला आणि गाडी पूर्वीसारखी पळायला लागली.

खाली पायऱ्यांचा जो क्रम दिलाय तो त्या चिरेमुळे. टर्बो गाडीची ताकद लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात वाढवता येते, म्हणून बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. मी ते सहाव्या पायरीवर ठेवलंय.

आधी थोडं गणित

इंजिनची ताकद पेट्रोल जळण्यातून येते आणि किती पेट्रोल जळेल हे सिलिंडरमध्ये हवा किती शिरते यावर ठरतं. एक्झॉस्टचा धूर टर्बोचं एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून आत ढकलतं. बूस्ट गेजवर १ बार दिसतो तेव्हा वातावरणाच्या दाबावर आणखी तेवढाच दाब चढलेला असतो, म्हणजे आतला दाब साधारण दुप्पट. ढोबळ हिशेब असा धरतात की दर मिनिटाला १ किलो हवा म्हणजे २२ हॉर्सपॉवर. ३०० हॉर्सपॉवर हवी असेल तर मिनिटाला साडेतेरा किलोच्या आसपास हवा इंजिनने गिळली पाहिजे.

दुसरं सूत्र जास्त कामाचं आहे: टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ७,१२१ ने भागा, हॉर्सपॉवर मिळते. ४०० न्यूटन-मीटर ३,००० आरपीएमला म्हणजे १६८ हॉर्सपॉवर, तेच ४०० जर ६,००० पर्यंत टिकले तर ३३७. कनेक्टिंग रॉड वाकतो तो मुख्यतः खालच्या आरपीएमला एकदम आलेल्या टॉर्कच्या दणक्याने. त्यामुळे २,२०० आरपीएमला पाठीत धपाटा घालणारी गाडी चालवायला कितीही मजेची वाटली, तरी इंजिनच्या दृष्टीने टॉर्क वरपर्यंत ताणून धरणं जास्त सुरक्षित.

आकडा आधी ठरवा. कंपनीच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून फक्त सॉफ्टवेअर बदलून साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळते. २०० ची गाडी २४० ते २६० करायची असेल तर इथल्या निम्म्याच पायऱ्या लागतील. ४०० करायची असेल तर सगळ्या लागतील, आणि पैशाचा हिशेब पहिल्या अंदाजाच्या दुप्पट धरा. नोंदणी, प्रदूषण आणि विमा यांचे नियम जिथे गाडी चालवणार तिथले आधी विचारून घ्या. विमा कंपनीपासून बदल लपवला तर अपघातानंतर दावा फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यावर पाणी सोडायची तयारी ठेवा.

पहिली पायरी: गाडी निरोगी आहे का

कॉम्प्रेशन टेस्टने सुरुवात करा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग स्टार्टर फिरवायचा. आकडा किती येतो त्यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती आहे ते बघा. १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. फरक जास्त आला तर लीक-डाऊन टेस्ट करा: पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. १० टक्क्यांपर्यंत चांगलं, २० च्या पुढे गेलं तर ताकद वाढवायचा विषय तिथेच थांबवा. हवा कुठून निसटते यावरून दुखणं कळतं. ऑईलच्या झाकणातून सूं सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

मग माझी आवडती साबणाची टेस्ट. इंजिन बंद आणि थंड. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाईप काढून तिथे व्हॉल्व्ह बसवलेलं बूच घट्ट लावा. ऑईलचं झाकण सैल ठेवा, म्हणजे क्रँककेसमध्ये दाब साठून सील फाटणार नाहीत. हवा हळूहळू भरा: आधी ०.३ बार, ऐका, मग वाढवा. गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या पुढे जायचं नाही. बुचासमोर उभं राहू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं. इंटरकूलरचे दोन्ही जोड, थ्रॉटल बॉडीचा होज, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जास्तीची हवा परत वळवणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्डच्या बारीक व्हॅक्यूम नळ्या, या ठिकाणी फेस बघा. इंजिनातून रिंगांवाटे थोडी हवा जाणारच, त्याने घाबरू नका.

टर्बोचा दांडा हाताने हलवून बघा. आडवा किंचित हलतो ते साहजिक आहे, कारण चालताना तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. पण पुढे-मागे जाणवण्याइतका हलत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर तो टर्बो आधी दुरुस्तीला द्या. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळीचे थर बसतात. ८०-९० हजार किलोमीटर झालेली गाडी असेल तर मॅनिफोल्ड काढून बघाच. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोताने मारून ती काजळी काढतात आणि हरवलेली ताकद बऱ्याचदा तिथेच सापडते.

दुसरी पायरी: मोजायची सोय

वजनकाट्याशिवाय वजन कमी करायला निघालेल्या माणसासारखं आहे हे. गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो तिथून) नोंदी घेणारं एखादं साधन घ्या. जुन्या गाडीत रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर नसेल तर हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर बसवा. आणि काहीही बदलण्याआधी डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, लागोपाठ तीन रन घेऊन कागद जपून ठेवा. चाकांवरची ताकद आणि इंजिनची ताकद यात गिअरबॉक्स आणि अॅक्सल आपला वाटा खातात, साधारण १५ टक्के धरतात. एका डायनोचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघू नका. त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये, त्याच इंधनावर आधी आणि नंतर किती, एवढाच प्रश्न विचारायचा. बाकी गप्पा मारायला ठीक.

तिसरी पायरी: प्लग आणि ऑईल

स्वस्त काम आहे, पटकन उरका. बूस्ट वाढवणार असाल तर एक घर थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग आणि फट कमी. दाट हवेतून ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट बहुतेक ठिकाणी चालते. पूर्ण जोरात गाडी गचके खात असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. ऑईल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, पण बदलायचं अंतर निम्मं करा. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याचा सगळा भार त्या ऑईलवरच असतो. जोरात चालवून आल्यावर चावी लगेच बंद करायची नाही, शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

चौथी पायरी: उष्णता

हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं तोंड हाताला चटका देतं तसंच. हिशेब करून बघू. बाहेर ३० अंश सेल्सिअस, बूस्ट १ बार, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के. टर्बोतून बाहेर पडणारी हवा १२५ अंशांच्या आसपास असते. इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली तर ती ६० अंशांवर येते. तेवढ्याच बूस्टमध्ये हवा जवळपास २० टक्के दाट होते आणि वर नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेटण्याचा, धोका कमी होतो. म्हणून मी इंटरकूलर सॉफ्टवेअरच्या आधी घेतो, जरी विकणारे उलट सांगत असले तरी.

कंपनीचा इंटरकूलर रोजच्या वापराला पुरतो. लागोपाठ दोन-तीन वेळा पूर्ण जोर लावला की तो स्वतःच तापतो आणि तिसऱ्या खेपेला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, बिचारा ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन ताकद कमी करतो. नोंदीमध्ये इनटेक तापमान बघा. बाहेरच्यापेक्षा २५-३० अंशांच्या वर चढत राहत असेल तर बदलायची वेळ आली. नवा घेताना नुसतं आकारमान पाहू नका. आधी आणि नंतरचा दाब मोजला तर फरक ०.१ बारच्या आत हवा, नाहीतर टर्बो जास्त राबतो आणि फायदा खाऊन टाकतो. शिवाय जाडजूड इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात ठोकला तर इंजिनचं तापमान चढतं. समोरच्या जाळीतून आलेली हवा त्याच्या बाजूने निसटू नये म्हणून कडेने फोम किंवा पत्रा लावा. किरकोळ वाटतं, पण गुण येतो.

पाचवी पायरी: एक्झॉस्ट

टर्बोच्या लगेच पुढचा पाईप, डाऊनपाईप, हाच महत्त्वाचा. टर्बाइनच्या (एक्झॉस्टकडच्या चाकाच्या) अलीकडे जास्त दाब आणि पलीकडे कमी दाब, या फरकावर टर्बो फिरतो. पलीकडचा अडथळा कमी केला की तो लवकर वेग घेतो. शेवटचा सायलेन्सर बदलून मुख्यतः आवाज बदलतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा अनेकांचा आवडता शॉर्टकट आहे. बऱ्याच देशांत रस्त्यावरच्या गाडीसाठी ते बेकायदा आहे आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला ते लगेच कळतं. मोकळ्या जाळीचा, मोठ्या व्यासाचा कन्व्हर्टर बसवला तर बहुतेक फायदा मिळतो आणि लाजही राहते. डाऊनपाईप मोकळा केल्यावर मूळ वेस्टगेटला (जास्तीचा धूर टर्बाइनच्या बाजूने सोडणाऱ्या झडपेला) बूस्ट आवरत नाही असंही होतं. म्हणून हा बदल झाल्यावर नोंदी पाहिल्याशिवाय पूर्ण जोर लावू नका.

सहावी पायरी: सॉफ्टवेअर

आता लॅपटॉप जोडा. स्टेज १, स्टेज २ ही नावं दुकानदारीची आहेत, त्याला कुठलंही प्रमाण नाही. एकाचं स्टेज २ दुसऱ्याचं स्टेज १ असू शकतं. सेन्सरच्या वायरीत बसवायचे डबेही मिळतात. ते ईसीयूला बूस्ट प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचं खोटंच सांगतात, मग ईसीयू वाढवत जातो. काही नव्या गाड्यांत चांगले डबे बरं काम करतात, पण इंजिनच्या मेंदूशी खोटं बोलण्यापेक्षा त्याला नीट शिकवलेलं मला पटतं.

रीमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतले आकडे (मॅप) नव्याने लिहिण्यात, तीन गोष्टींचा तोल असतो: बूस्ट, पेट्रोल आणि ठिणगीची वेळ. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पूर्ण जोरात मात्र मिश्रण मुद्दाम श्रीमंत ठेवतात, १२ च्या आसपास, कारण जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता शोषतं. ठिणगी लवकर टाकली तर ताकद वाढते, पण एका मर्यादेनंतर ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा तो घाव असतो आणि गाडीत बसलेल्या माणसाला बऱ्याचदा ऐकूही येत नाही.

टर्बो गाड्यांना हे दुखणं पहिल्यापासूनचं. ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये जेटफायर ही टर्बो गाडी काढली, तिचं कॉम्प्रेशन तब्बल १०.२५ होतं. नॉकिंग रोखायला त्यांनी पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली आणि त्याला टर्बो रॉकेट फ्लुइड असं भारदस्त नाव दिलं. मालक ती टाकी भरायला विसरायचे. आज तेच काम नॉक सेन्सर करतो, पण तोही चमत्कार करत नाही. म्हणून ज्या ऑक्टेनचं पेट्रोल रोज भरणार, त्याच पेट्रोलवर मॅप करून घ्या.

मॅप घातल्यावर डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० पासून रेडलाइनपर्यंत एक रन घ्या आणि नोंद उघडा. मी असा क्रम ठेवतो. मागितलेला बूस्ट आणि आलेला बूस्ट या रेघा एकमेकींना चिकटून आहेत का? आलेला खाली राहत असेल तर गळती किंवा दमलेला टर्बो, वर उसळत असेल तर वेस्टगेटचं नियंत्रण. मग मिश्रण: रेडलाइनकडे ते पातळ होत जात असेल, १२ वरून १३ कडे, तर पेट्रोल कमी पडतंय, पाय लगेच काढा. मग पेट्रोलच्या रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब खचतो का. मग प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलं गेलंय. एखाद्या सिलिंडरवर कधीतरी एक-दोन अंश गेले तर चालतं. तोच सिलिंडर दर वेळी, किंवा सगळे मिळून चार-पाच अंश, तर मॅप त्या पेट्रोलसाठी जहाल आहे.

थेट इंजेक्शनच्या लहान इंजिनांत आणखी एक गोम आहे. कमी आरपीएमला एकदम पूर्ण बूस्ट मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचे प्रकार होतात, आणि त्यात पिस्टनच्या रिंगेलगतच्या कडा फुटतात. ट्यूनरला स्पष्ट सांगा की २,५०० च्या खाली टॉर्क सौम्य ठेव. आणि स्वतः चढावर पाचव्या गिअरमध्ये, १,५०० आरपीएमला, पाय खाली दाबून धरू नका.

सातवी पायरी: पेट्रोल पोचतंय का

चार सिलिंडर, ३०० हॉर्सपॉवर, इनटेकमध्ये फवारणारे इंजेक्टर आणि ते ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडे राहू नयेत अशी अट घातली, तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे ५५० घन सेंटिमीटरचे इंजेक्टर लागतात. त्याच प्रमाणात पुढचा हिशेब करा. टाकीतला पंपही तेवढा हवा. इथे दाबाचा मुद्दा विसरू नका: बूस्ट वाढला की इंजेक्टरमागचा दाबही तेवढाच वाढवावा लागतो आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. थेट इंजेक्शनमध्ये उच्च दाबाचा पंप आधी हात टेकतो.

ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं इंधन) मिळत असेल तर टर्बो गाडीला ते मानवतं. नॉकिंगला दाद देत नाही आणि बाष्प होताना हवा थंड करतं. पण त्याचं प्रमाण १४.७ ऐवजी ९.८ च्या आसपास असतं, म्हणजे घनफळाने ३० ते ३५ टक्के जास्त इंधन लागतं आणि वरचे इंजेक्टर लगेच अपुरे ठरतात. पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल कायम ८५ टक्केच असेल असंही नाही, म्हणून इथेनॉल सेन्सर बसवा आणि नळ्या ते सोसणाऱ्या आहेत ना ते बघा.

आठवी पायरी: मोठा टर्बो

मूळ टर्बो त्याच्या हवेच्या मर्यादेला टेकला की त्यातून निघते ती नुसती गरम हवा. तेव्हाच बदला. प्रत्येक कॉम्प्रेसरचा नकाशा असतो, आडव्या रेघेवर हवेचा प्रवाह, उभ्या रेघेवर दाबाचं गुणोत्तर. तुमच्या गणितातला बिंदू, समजा १३.६ किलो आणि २.२ गुणोत्तर, नकाशाच्या मधल्या बेटांवर, म्हणजे जिथे कार्यक्षमता जास्त असते तिथे, पडला पाहिजे. डावीकडच्या रेघेपलीकडे गेला तर हवा उलटी धडकते, त्याला सर्ज म्हणतात.

सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे त्याच इंजिन-कुटुंबातल्या थोरल्या गाडीचा टर्बो. फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये आयएस२० आणि गोल्फ आरमध्ये आयएस३८ टर्बो आहे, आणि जीटीआयवाले कित्येक वर्षं आयएस३८ बसवत आलेत. बोल्ट बसतात, ऑईलच्या नळ्या जुळतात. अवाढव्य टर्बो लावलेली गाडी कागदावर ५०० दाखवते आणि ४,५०० पर्यंत झोपून राहते. रोज चालवायची असेल तर तो आकडा कुणाच्या कामाचा?

पाय काढल्यावर टर्बोची जास्तीची हवा सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हबद्दल एक बाजूची गोष्ट. बाहेर फुस्स करणारा व्हॉल्व्ह ताकद देत नाही. आणि एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तो आधीच मोजलेली हवा बाहेर फेकतो, ईसीयू त्या गेलेल्या हवेचं पेट्रोल टाकतो आणि गिअर बदलताना गाडी गुदमरते.

इंजिनचं पोट, क्लच, ब्रेक

१९९३ च्या टोयोटा सुप्राच्या २जेझेड-जीटीईचे किस्से ऐकून लोक आपलं इंजिनही दुप्पट ताकद सोसेल असं धरून चालतात. ते तीन लिटरचं, ओतीव लोखंडी ब्लॉकचं इंजिन होतं आणि जपानी कंपन्यांनी आपसात २८० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) मर्यादा पाळली होती, त्यामुळे आत भरपूर जागा शिल्लक होती. तुमच्या इंजिनची मर्यादा तेच इंजिन फोडलेल्या लोकांकडून कळते, ती आधी शोधा. मर्यादेच्या पुढे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि रॉड लागतात आणि मग इंजिन पूर्ण खोलायचंच.

क्लच टॉर्कने सटकतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही, तर तो संपला. ब्रेक मात्र सॉफ्टवेअरच्या आधीच बघा. पॅड बदला आणि ब्रेक ऑईल नवं टाका. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते, आणि मग पेडल पायाखाली मऊ पडतं.

सगळं झाल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर प्रत्येक क्लॅम्प पान्याने पुन्हा तपासा आणि साबणाची टेस्ट पुन्हा करा. मग प्लग काढून भिंगाखाली पांढऱ्या पोर्सेलिनकडे बघा. फिकट तपकिरी रंग चांगला, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. त्यावर मिरीच्या भुग्यासारखे बारीक ठिपके किंवा चमकणारे अॅल्युमिनियमचे दाणे दिसले, तर नॉकिंगने पिस्टन सोलला जातोय. तशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ट्रॉलीवर चढवा.